घानातून बातमी आणताना

"ताई, घानाला बातमीसाठी जायचं ठरतंय, काय काय बघून ठेवू?" असे निरोप हल्ली मला अधूनमधून येतात. विचारणारी मंडळी बहुतेक तरुण. कुणी पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांतले, कुणी स्वतःची यूट्यूब वाहिनी चालवणारे, काही तर पदरचे पैसे घालून निघालेले. मराठी बातमीदारांना पश्चिम आफ्रिकेत जावंसं वाटतंय याचा मला फार आनंद होतो. घानाची राजधानी अक्रामध्ये राहून, तिथल्या बातमीदारांबरोबर काम करून जे शिकले, ते प्रत्येकाला फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा एकदा सलग लिहावं म्हणून हा लेख.

आधी कागद. पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड नसेल तर अक्राच्या विमानतळावर अडवतात. हे कार्ड लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं, म्हणून तारीख ठरली की पहिलं काम तेच करा. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या इथल्या डॉक्टरांना विचारून घ्या. नोव्हेंबर ते मार्च सहारातून हरमॅटनचा कोरडा वारा येतो, त्याची धूळ कॅमेऱ्यात जाते, लेन्स उघड्यावर बदलू नका. व्हिसाच्या अर्जात पत्रकार असल्याचं स्पष्ट लिहा. पर्यटक म्हणून गेलात आणि कुठं अडवले गेलात तर तुम्हाला फार तर परत पाठवतील, तुमच्याबरोबरच्या स्थानिक माणसाला मात्र ते फार जड जाईल. मान्यतापत्राचे नियम निघण्याआधी दिल्लीतल्या घानाच्या उच्चायुक्तालयात ताजे विचारून घ्या, कारण सरकार बदललं की खाती बदलतात. २०२५ च्या जानेवारीत नवं सरकार आलं आणि माहिती मंत्रालयच बंद झालं. ड्रोन नेणार असाल तर नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. विमानतळ, ओसूचा किल्ला, राष्ट्राध्यक्षांचं जुबिली हाउस आणि बर्मा कँप ही लष्करी छावणी, इथं परवानगीशिवाय कॅमेरा वर करायचा नाही.

यातल्या दोन जागांपाशी आपण भारतीयांनी थोडं थांबावं असं मला वाटतं. जुबिली हाउस भारताच्या कर्जातून आणि मुंबईच्या शापूरजी पालनजी कंपनीच्या हातून उभं राहिलं. आणि बर्मा कँपच्या नावामागे दुसरं महायुद्ध आहे. तेव्हाच्या गोल्ड कोस्टचे हजारो सैनिक भारतमार्गे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपान्यांशी लढले. घरी परतल्यावर कबूल केलेलं निवृत्तिवेतन आणि कामधंदा मिळेना, म्हणून २८ फेब्रुवारी १९४८ ला ते अर्ज घेऊन गव्हर्नरकडे ओसूच्या किल्ल्यावर निघाले. चौकात एका गोऱ्या पोलीस अधिकाऱ्यानं गोळीबार केला, तीन माजी सैनिक तिथंच पडले आणि अक्रा पेटलं. तिथून नऊ वर्षांत, ६ मार्च १९५७ ला, देश स्वतंत्र झाला. घानाविषयी लिहायला बसणाऱ्या भारतीय माणसाला एवढं माहीत असायलाच हवं.

कायद्याच्या बाजूनं घाना पत्रकारांना बरा देश आहे. १९९२ च्या राज्यघटनेच्या १६२ व्या कलमात सेन्सॉरशिप चालणार नाही असं सरळ लिहिलंय. अब्रूनुकसानीबद्दल तुरुंगात टाकण्याचा वसाहतकाळातला कायदा २००१ मध्ये रद्द झाला, जो आपल्याकडे अजून आहे. माहितीचा अधिकार २०१९ मध्ये आला. तरीही 'खोटी बातमी पसरवून घबराट निर्माण करणे' हा १९६० च्या फौजदारी कायद्यातला गुन्हा शिल्लक आहे, २००८ च्या दूरसंचार कायद्यातही तसंच एक कलम आहे आणि २०२२ मध्ये ही कलमं रेडिओवरच्या माणसांवर लावली गेली. त्याच वर्षी वृत्तस्वातंत्र्याच्या जागतिक यादीत घाना तिसाव्या क्रमांकावरून साठाव्यावर घसरला. ही कलमं सहसा परदेशी बातमीदाराच्या वाट्याला येत नाहीत. ती येतात त्याच्याबरोबर गाडीत बसलेल्याच्या वाट्याला, आणि माझं खरं सांगणं त्या माणसाबद्दल आहे.

परदेशातून आलेला पत्रकार एकटा कधीच काम करत नाही. त्याच्याबरोबर एक स्थानिक सहकारी असतो. भाषा त्याची, ओळखी त्याच्या, गाडीवाला त्याच्या विश्वासातला, कुठल्या रस्त्यानं किती वाजता जायचं हे त्याला ठाऊक. पुष्कळदा तो स्वतः उत्तम बातमीदार असतो, एखाद्या रेडिओत कमी पगारावर काम करत असतो आणि बाहेरच्यांच्या कामातून घर चालवत असतो. छापून येतं तेव्हा नाव पाहुण्याचं असतं. आठवड्यानं पाहुणा विमानात बसतो आणि सहकारी त्याच गावात, त्याच गल्लीत राहतो.

अहमद हुसेन-सुआले हे नाव घानाला जाणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावं. चेहऱ्यावर मण्यांचा पडदा घेऊन वावरणारे शोधपत्रकार अनास अरेमेयाव अनास यांच्या चमूतला हा बातमीदार. २०१८ मध्ये या चमूनं छुप्या कॅमेऱ्यानं फुटबॉलमधली लाचखोरी दाखवली, राष्ट्रीय महासंघाच्या अध्यक्षाला पद सोडावं लागलं. त्यानंतर एका खासदारानं टीव्हीवर अहमदचा फोटो दाखवला आणि तो भेटला तर त्याला मारहाण करा असं सांगितलं. १६ जानेवारी २०१९ च्या रात्री अक्राच्या मदिना भागात, तो गाडी चालवत असताना, मोटारसायकलवरून आलेल्यांनी त्याला गोळ्या घातल्या. अनास यांचा चेहरा कुणी पाहिलेला नव्हता. अहमदचा पाहिला होता, तो कुठं राहतो तेही लोकांना कळलं होतं.

म्हणून माझा पहिला आग्रह हा, की बातमीचा विषय पक्का करण्याआधी तिथल्या सहकाऱ्याशी बोला. त्याला हा विषय करायचाय का, हे त्याला विचारा, आणि तो 'नाही' म्हणाला तर कारण न विचारता ते मान्य करा. कारण सांगायला लावणं हीसुद्धा कधीकधी त्याच्यासाठी अडचण असते. त्याचं नाव लेखावर हवं की नको हे त्यानं ठरवायचं. हवं असेल तर तुमच्याइतक्याच ठळक अक्षरात. रोजचा दर, प्रवासाचा खर्च, काम रद्द झालं तर किती, आजारी पडला किंवा मार लागला तर दवाखान्याचं कोण बघणार, हे सगळं निघण्याआधी लिहून ठरवा. दर ठरवताना घासाघीस करू नका. मराठी वर्तमानपत्राचं बजेट किती असतं ते मला माहीत आहे. पैसे कमी असतील तर दिवस कमी करा, दर कमी करू नका.

पैशांवरून आठवलं. घानात पत्रकार परिषद संपली की बातमीदारांना पाकीट देतात, त्याला 'सोली' म्हणतात. आपल्याकडच्या पाकिटाशी परिचय असलेल्यांना जास्त सांगायला नको. तुम्ही ते घेऊ नका, पण घेणाऱ्यांकडे तुच्छतेनंही बघू नका. पगारात बसभाडंही न निघणाऱ्या मुलांच्या व्यवसायाबद्दल आठवड्याच्या पाहुण्यानं निवाडा देऊ नये.

दुसरी गोष्ट कानांची. घाना हा रेडिओचा देश आहे. १९९४ च्या डिसेंबरात अक्रात 'रेडिओ आय' नावाचं खासगी केंद्र सरकारनं बंद पाडलं, लोक रस्त्यावर आले, आणि पुढच्याच वर्षी जॉय एफएमसारखी खासगी केंद्रं सुरू झाली. १९९९ मध्ये पीस एफएमनं अक्रातून अकान या तिथल्या मोठ्या समाजाच्या भाषेत बोलायला सुरुवात केली आणि राजकारण बाजारापर्यंत पोचलं. आजही रोज सकाळी इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या बातम्या रेडिओवर त्वी, गा, एवे, डॅगबानी भाषांत वाचून दाखवल्या जातात, त्यावर तासन् तास चर्चा चालते, लोक फोन करून बोलतात. म्हणजे तुम्ही परदेशी वर्तमानपत्रात इंग्रजीत छापलेलं वाक्य दोन दिवसांत ट्रोट्रोमध्ये, म्हणजे तिथल्या वडापच्या गाडीत, शिवणाऱ्याच्या दुकानात, ज्या बाईनं ते तुम्हाला सांगितलं तिच्या शेजारणीच्या कानावर पडू शकतं. 'आपलं कोण वाचतंय तिथं' या भरवशावर कुणाचंही नाव, गाव, पाठमोरा फोटो छापू नका. मराठीत लिहिलंत म्हणूनही सुरक्षित समजू नका, भाषांतर करणारं यंत्र आता प्रत्येकाच्या खिशात आहे.

फोनचंही तसंच. २०२१ पासून घानात प्रत्येक सिमकार्ड राष्ट्रीय ओळखपत्राला, घाना कार्डाला, जोडलेलं असतं. एखाद्या घाबरलेल्या माणसाला तुम्ही साधा फोन केलात तर त्याच्या नावावर तुमच्या नंबराची नोंद राहते. नाजूक विषय असेल तर भेट सहकाऱ्याच्या तोंडी निरोपानं ठरवा आणि नोंदवहीत खरं नाव लिहू नका. यात अतिशयोक्ती वाटत असेल तर मे २०२१ मध्ये व्होल्टा प्रदेशातल्या हो शहरात काय झालं ते बघा. समलिंगी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या एका प्रशिक्षणाला जमलेल्या २१ जणांना पोलिसांनी पकडलं, जामीन मिळेपर्यंत आठवडे गेले आणि ऑगस्टमध्ये खटला पुराव्याअभावी मागे घेतला गेला. दरम्यान ओळख बाहेर पडली ती पडलीच. त्याच वर्षी फेब्रुवारीत अक्रातलं अशाच गटाचं कार्यालय बंद पडलं होतं. त्याच्या उद्‌घाटनाला परदेशी मुत्सद्दी आले होते, फोटो सगळीकडे गेले होते. पाहुण्यांना ते फोटो अभिमानाचे वाटले असतील. जागा खाली करावी लागली ती तिथल्या मुलांना.

आता गावात शिरण्याबद्दल. अक्राबाहेर कुठंही गेलात तर आधी मुखियाकडे जायचं असतं. हा शिष्टाचार फक्त मानपानाचा आहे असं समजून काही परदेशी पत्रकार तो टाळतात आणि मग लोक बोलत नाहीत म्हणून तक्रार करतात. तुम्ही मुखियाकडे जाऊन आलात याचा अर्थ गावाला कळतो, की ही माणसं चोरून आलेली नाहीत, आणि त्यांच्याशी बोलणाऱ्यावर उद्या कुणी बोट ठेवणार नाही. परवानगी तुमच्यासाठी आहेच, पण तिचा जास्त उपयोग तुमच्याशी बोलणाऱ्याला होतो. अकान भागात मुखियाशी थेट बोलत नाहीत. त्याच्या शेजारी कोरीव काठी घेतलेला ओक्येआमे असतो. तुम्ही त्याला सांगायचं, तो मुखियाला सांगतो आणि उत्तरही त्याच्याच तोंडून येतं. मुखियाला तुमचं सगळं ऐकू येत असतं, तरी पद्धत ही. भेट म्हणून श्नॅप्स या दारूची बाटली नेतात. उत्तरेत डॅगबोनमध्ये मुखिया कातड्यावर बसतो, मुस्लिम वस्ती मोठी आहे, तिथं दारू न्यायची नाही, कोलाच्या बिया न्यायच्या. डावा हात पुढं करायचा नाही, हे आपल्याला सांगावं लागत नाही. पायावर पाय टाकून बसायचं नाही. आणि कुठंही, अगदी रस्ता विचारतानासुद्धा, आधी नमस्कार-चमत्कार, घरचं कसं आहे, मग प्रश्न. गेल्या गेल्या 'तुमच्या विहिरीचं पाणी कधीपासून खराब झालं?' असं विचारणारा माणूस तिथं उर्मट ठरतो.

पुरुष मुखियाला भेटून काम संपत नाही. अकान गावांत राणीमाता असते आणि तिच्या शब्दाला वजन असतं. बाजारातही तसंच. अक्रातल्या माकोलासारख्या बाजारात टोमॅटोची, याम नावाच्या कंदाची वेगवेगळी 'क्वीन' असते. माल कुठून येतो, भाव कसा पडतो, पावसानं रस्ता तुटला की काय होतं, हे तिच्याकडून जितकं कळतं तितकं मंत्रालयात कळत नाही. बाजाराची बातमी करायची तर आधी तिच्याकडे जा आणि सकाळी विक्रीच्या घाईत जाऊ नका.

नावं नीट लिहून घ्या. अकान लोकांत जन्मवारावरून नाव असतं. शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे, रविवारची मुलगी अकोसुआ. 'कोफी म्हणाला' एवढं लिहिलंत तर एका गावातले कित्येक जण तुमच्या वाक्याचे धनी होतात. ज्यानं ते म्हटलेलं नाही त्यालाही त्रास होऊ शकतो.

यापुढचं जरा सविस्तर सांगते, कारण परदेशी पत्रकारितेनं घानाचं जे नुकसान केलं त्याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण ते आहे. अक्रात कोर्ले खाजणाच्या काठी आग्बोग्ब्लोशी नावाची जागा होती. तिथं भंगार बाजार होता, जुन्या गाड्या, फ्रीज, संगणक सुटे करून धातू काढत. त्याच्या एका कडेला मुलं तारांचे भेंडोळे जाळून तांबं काढायची. धूर भयंकर होता, मातीत शिसं होतं, त्या मुलांची फुप्फुसं खराब होत होती, हे सगळं खरं आहे आणि ते लिहिणं आवश्यकच होतं. पण जगभरचे छायाचित्रकार त्या एका कोपऱ्यातच उभे राहिले. काळा धूर, समोर डोक्यावर तारा घेतलेला किशोर, आणि खाली ओळ: जगातला सगळ्यात मोठा इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचा ढीग. वर्षानुवर्षं ही ओळ एका लेखातून दुसऱ्या लेखात गेली आणि तिला आधार काय, हे फार थोड्यांनी तपासलं. बंदरातून येणाऱ्या मालातला बराचसा अक्रातल्या दुकानांत दुरुस्त होऊन पुन्हा विकला जायचा, घानाच्या घरांत वर्षानुवर्षं वापरला जायचा आणि त्यानंतर भंगारात यायचा. तिथं दुरुस्ती करणारे कसबी कारागीर होते, वजनकाटे होते, सावकार होते, भंगारवाल्यांची संघटना होती, जेवण विकणाऱ्या बाया होत्या. उत्तरेकडच्या गावांना इथून पैसे जात. धुराच्या फोटोत यातलं काही मावलं नाही.

शेजारची ओल्ड फादामा ही वस्ती उत्तरेतून आलेल्या लोकांची. शहरातले लोक तिला बायबलमधल्या पापी नगरांच्या नावानं हिणवत, आणि परदेशी मथळ्यांनी तेच नाव उचललं. ३ जून २०१५ ला अक्रात पूर आला, सर्कल भागात पेट्रोल पंपावर आसरा घेतलेले लोक स्फोटात जळाले, दीडशेच्या वर माणसं गेली. खाजणाचा प्रवाह तुंबवल्याचं खापर ओल्ड फादामावर फुटलं आणि काही दिवसांत तिच्या एका भागावर बुलडोझर फिरला. २०२१ च्या जुलैत भंगार बाजारच उठवला गेला. 'जगातलं सगळ्यात विषारी ठिकाण' अशी ज्याची कीर्ती झाली, ते उठवलं तर कोण हरकत घेणार? तार जाळणं मात्र थांबलं नाही, ते शहरात इकडेतिकडे पांगलं. फोटो काढणारे परत आले नाहीत. माझं म्हणणं एवढंच, की एखाद्या जागेचं एकच रूप वारंवार दाखवलं तर ती जागा पुसून टाकणाऱ्याचं काम सोपं होतं. धारावीचं काय काय लिहिलं गेलं आणि त्याचा कुणाला उपयोग झाला, हे पाहिलेल्या मराठी पत्रकाराला हे उमजायला वेळ लागू नये.

अशीच दुसरी मोहाची जागा म्हणजे उत्तरेतली गांबागा. चेटकीण ठरवून गावातून हाकललेल्या वृद्ध बायकांची तिथं वस्ती आहे आणि परदेशी कॅमेरे तिथं नेहमी पोचतात. जुलै २०२० मध्ये काफाबा गावात नव्वद वर्षांच्या एका आजीला भर लोकांसमोर मारहाण करून ठार केलं, तेव्हा सारा देश हादरला. संसदेनं २०२३ मध्ये अशा आरोपांविरुद्ध विधेयक मंजूर केलं, तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यावर सही केली नाही. मराठी पत्रकार तिथं जाणार असेल तर त्यानं नंदुरबारच्या पाड्यांवर डाकीण ठरवून मारलेल्या बायका आठवाव्यात, डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आलेला आपला कायदा आठवावा आणि त्या आजींना 'आफ्रिकेतलं अजब' म्हणून वाचकापुढं उभं करू नये. विधवा बाईच्या नावावर जमीन किती होती, आरोप केला तो कोणत्या नातेवाइकानं, हे प्रश्न आपल्याला तिथं विचारायला सुचतील, कारण ते आपण इथं विचारलेले आहेत.

सोन्याच्या बेकायदा खाणकामाची, गालामसेची, बातमी सगळ्यांना करायची असते आणि ती करायलाच हवी. घाना आज आफ्रिकेतला सोनं काढणारा सर्वांत मोठा देश आहे. प्रा, ऑफिन, अंकोब्रा, बिरिम या नद्या चहासारख्या झाल्या आहेत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केप कोस्टला पाणी देणाऱ्या सेक्येरे हेमांग केंद्रावर नदीच्या पाण्याचा गढूळपणा १४,००० एनटीयू भरला, यंत्रणा बांधली होती २,००० साठी. पाणीपुरवठा आवळावा लागला. कोकोच्या बागा उखडल्या गेल्या, पारा मातीत मुरला.

इथं तीन गोष्टी सांभाळा. एक, परवाना असलेली लहान खाण आणि परवाना नसलेली, यांत फरक करा, खनिज आयोगाकडे तपासा, दिसायला दोन्ही सारख्याच चिखलाच्या असतात. दुसरं, दोष फक्त चिन्यांवर टाकून मोकळे होऊ नका. चिनी यंत्रं आणि चिनी पैसा आहेच, २०२३ मध्ये एका चिनी बाईला साडेचार वर्षांची शिक्षाही झाली. पण कायद्यानं लहान खाणकाम घानाच्या नागरिकांसाठीच राखून ठेवलंय, म्हणजे परदेशी माणूस तिथं उभा आहे तर जमीन, कागद आणि संरक्षण कुणीतरी स्थानिक वजनदार माणसानं दिलेलं असतं. एक्स्कॅव्हेटर कुणाच्या नावावर आहे हे शोधा, खड्ड्यात कमरेपर्यंत उभ्या असलेल्या पोराचा चेहरा छापू नका. आणि तिसरं, न सांगता खाणीवर घुसू नका. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अशान्ती भागात जॉय न्यूजच्या बातमीदाराला आणि त्याच्या चमूला एका खाणीवर अडवून मारहाण झाली. ते त्याच देशातले, नावाजलेले पत्रकार होते. परदेशी चेहऱ्यामुळे तुम्ही कदाचित सुटाल. तुमचा गाडीवाला त्याच रस्त्यावरून उद्या पुन्हा जाणार आहे, गाडीचा नंबर त्यांनी पाहिलेला असतो.

निवडणुकीसाठी जाणार असाल तर थोडक्यात सांगते. चार वर्षांनी ७ डिसेंबरला मतदान, संध्याकाळी त्याच केंद्रावर सगळ्यांसमोर मोजणी. निकालाच्या गुलाबी कागदावर पक्षांच्या प्रतिनिधींच्या सह्या होतात. २०१२ च्या निकालाचा खटला याच कागदांवर चालला, सर्वोच्च न्यायालयात, टीव्हीवर थेट दाखवत. तेव्हा अक्राच्या हॉटेलात बसून 'आफ्रिकेत हिंसाचाराची भीती' लिहिण्यापेक्षा एखाद्या शाळेच्या पटांगणात उभं राहून मोजणी बघा. २०२० मध्ये टेचिमन साउथ मतदारसंघात मतमोजणीच्या वेळी गोळीबारात माणसं मेली, तेही लिहा. २०२४ मध्ये हरलेल्या उमेदवारानं दुसऱ्याच दिवशी पराभव मान्य केला, तेही तितक्याच मोठ्या मथळ्यात लिहा.

भारतीय म्हणून तुम्हालाही प्रश्न विचारले जातील, त्याची तयारी ठेवा. अक्राच्या लेगोन भागातल्या घाना विद्यापीठात २०१६ च्या जूनमध्ये प्रणव मुखर्जींच्या हस्ते गांधीजींचा पुतळा बसला. दक्षिण आफ्रिकेतल्या तरुण गांधींनी कृष्णवर्णीयांविषयी जे लिहिलं ते दाखवून प्राध्यापकांनी विरोध केला आणि २०१८ च्या डिसेंबरात पुतळा हलवला गेला. विद्यार्थी तुम्हाला याबद्दल विचारतील, जातीबद्दल विचारतील, दिल्ली-बेंगळुरूत आफ्रिकी विद्यार्थ्यांना मारहाण झाली तेव्हा तुम्ही काय लिहिलंत हेही विचारतील. अशा वेळी देशाची वकिली करायला तुम्ही गेलेला नाहीत. जे खरं आहे ते सांगा. माझा अनुभव आहे की असं मोकळं बोलणं झाल्यावर समोरचा माणूसही त्याच्या देशातलं दुखणं मोकळेपणी सांगतो.

आणि आपल्याला, खास करून महाराष्ट्रातल्या पत्रकारांना, घानाच्या बातमीत एक जागा आहे जी लंडन-पॅरिसच्या पत्रकारांना सहज मिळत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत बीबीसीनं दाखवलं, की उत्तर घानातल्या टमाले शहराच्या रस्त्यांवर पोरांना व्यसन लावणाऱ्या टॅपेन्टाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉलच्या गोळ्या मुंबईच्या एका औषध कंपनीच्या होत्या. हे मिश्रण औषध म्हणून जगात कुठंही मान्य नाही. टमालेत ही गोष्ट आधीपासून घराघरांत ठाऊक होती. तिथल्या रहिवाशांनी स्वतःच गट करून गोळ्या पकडायला आणि जाळायला सुरुवात केली होती. बातमी आल्यावर इकडे पालघरच्या कारखान्यावर औषध प्रशासनाचा छापा पडला, उत्पादन थांबलं, त्या मिश्रणाच्या निर्यातीला बंदी झाली.

पालघर! चर्चगेटहून लोकलनं गाठावं इतकं जवळ. टमालेतल्या एखाद्या आईनं मुलाच्या खिशातून काढून दाखवलेल्या पाकिटावरचा पत्ता आपल्या बातमीदाराच्या रोजच्या वाटेवरचा होता, आणि तो शोधायला बाहेरच्यांना यावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं. असे धागे आणखी आहेत. भारत घानाकडून जे घेतो त्यात सोन्याचा वाटा सगळ्यात मोठा आहे, आणि ते सोनं कुठल्या खाणीतलं याचा कागद झवेरी बाजारात कुणी मागतं का, ही बातमी मुंबईत बसून निम्मी होते. कोकणात आणि गोव्यात फुटणाऱ्या काजूबियांत आफ्रिकेहून आलेला माल किती, तिथल्या शेतकऱ्याला काय भाव मिळाला, ही आणखी एक. अशा बातम्यांत घानाचा सहकारी तुमचा वाटाड्या राहत नाही, तो बरोबरीचा लेखक होतो, कारण निम्मं काम त्याच्याकडे आणि निम्मं तुमच्याकडे असतं. धोकाही मग वाटला जातो. पालघरच्या कारखानदाराला विचारायचे प्रश्न टमालेच्या पोरानं विचारायला नकोत, ते आपण विचारायचे.

छापून आलं की काम संपलं असं समजू नका. लेखाचं इंग्रजी भाषांतर आधी सहकाऱ्याला पाठवा, त्यानं काही काढायला सांगितलं तर काढा, मग प्रसिद्ध करा. ज्यांचे फोटो घेतलेत त्यांना छापील फोटो पोचवा; खेड्यात अजूनही त्याची वाट बघतात. टमालेत, कुमासीत कुठल्या रेडिओवर तुमच्या बातमीबद्दल बोलता येईल ते विचारा, म्हणजे ज्यांची गोष्ट आहे त्यांना ती त्यांच्या भाषेत ऐकायला मिळेल. पुढचे दोन-तीन आठवडे सहकाऱ्याला दर दोन दिवसांनी फोन करा, कुणी चौकशीला आलं का विचारा. आलं असेल तर त्याच दिवशी घाना जर्नलिस्ट्स असोसिएशनला कळवा आणि स्वतःच्या संपादकालाही सांगा. गरज पडली तर त्याला काही दिवस दुसऱ्या शहरात राहता यावं एवढे पैसे बाजूला ठेवलेले असू द्या. संपादकाकडे खर्चाचा तक्ता पाठवाल तेव्हा ही रक्कम विमानाच्या तिकिटाच्या वरच्या ओळीत लिहा, आणि ती मंजूर होत नसेल तर तिकीट काढू नका.